आठशे माणसांचं मैदान

"मैदानात माणसं किती मावतात, तेवढं मोजून संध्याकाळपर्यंत लिहून द्या," असं म्हणून लक्ष्मणराव साहेबांनी निवृत्ती सोनकांबळेच्या हातात परिपत्रक ठेवलं आणि ते चहाला निघून गेले.

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. नव्या जिल्ह्याला नवं कलेक्टर ऑफिस मिळालं, नव्या पाट्या मिळाल्या, आता पहिलीवहिली जिल्हा फुटबॉल स्पर्धाही मिळाली होती. पाऊस तेवढा मिळाला नव्हता. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून चिकटून निवृत्तीला आठ महिने झाले होते आणि नोकरी अजून कच्ची होती. पण घराण्यातली पहिलीच सरकारी नोकरी, त्यामुळे तिकडे रेणापुरात त्याची आई सरजाबाई ती कधीच पक्की करून बसली होती.

निवृत्तीने भर उन्हात टेप धरून मैदान मोजलं. बाहेर पडायला एकच फाटक, तेही आठ फुटी. एका कडेला कठडा नसलेली कोरडी विहीर. विहिरीजवळचा पट्टा त्याने सोडून दिला, घाई झालीच तर फाटकातून किती माणसं निघतील ते काढलं, आणि आकडा आला आठशे.

लक्ष्मणराव पोट धरून हसले. "अहो, आपल्याकडं फुटबॉलला ऐंशी माणसं येत नाहीत! खेळणाऱ्यांच्या घरचे आले तरी डोक्यावरून पाणी."

"पण परिपत्रकात पाटी लावायला सांगितलीय, साहेब."

"लावा की. फक्त सही तुमची राहील. आठशे एकावा माणूस आत दिसला तर कच्ची नोकरी आहे, विसरू नका."

पेंटर संगप्पाने हातभर अक्षरांत पाटी रंगवली : 'येथे फक्त आठशे व्यक्तींना प्रवेश. नंतर फाटक बंद. नि. भी. सोनकांबळे, ओव्हरसियर.' फुटबॉलचं नाव लिहायला जागाच उरली नाही. "ऱ्हाऊ द्या ना साहेब, गोलपोस्ट दिसायलेत की लोकाला," संगप्पा म्हणाला, आणि तेही निवृत्तीला पटलं.

अंतिम सामना रविवारी चारला होता. निवृत्ती दोनला पोचला आणि सायकलवरून उतरायचंच विसरला. रस्ता माणसांनी भरला होता. बैलगाड्या, टेम्पो, काखेत लेकरं, डोक्यावर टोपली, आणि जवळपास प्रत्येकाच्या हातात रिकामं पोतं. फाटक होतं तिथे फक्त दोन खांब उरले होते. एका खांबाला चौकीदार माणिकप्पा मिठी मारून उभा होता.

"साहेब, पाच हजार तर आतच गेलेत! औशाचा टेम्पो आणिक यायचाय म्हनं!"

"फुटबॉल बघायला?"

"फुटबॉल कोन इचारतंय? पयल्या आठशेलाच देनार म्हनं."

"काय देणार?"

"आता ते तुमीच सांगा. सही तुमची हाय."

लोकांचं तरी काय चुकलं? दुष्काळी कामावर तीनशे मजूर, कार्डावर चार किलो ज्वारी, टँकरमागे दोन घागरी. दोन वर्षं सरकारने जिथे आकडा लिहिला, तिथे काहीतरी वाटलंच होतं. त्यात 'फक्त' लिहिलेलं आणि खाली साहेबाची सही.

निवृत्ती पाण्याच्या पिंपावर चढून ओरडला, "इथं काही वाटणार नाही! घरी जा!"

एक बाई किंचाळली, "न्हाई म्हनतोय! म्हंजी थोडंच हाय! सरका म्होरं!"

सगळी गर्दी एकदम पुढे लोटली, ती थेट विहिरीकडे. नोकरीचा विचारही निवृत्तीच्या मनात राहिला नाही. तो वाट काढत विहिरीकडे पळाला, आणि काठापासून चार हातांवर, पोतं अंथरून, सगळी गल्ली भोवती घेऊन बसलेली सरजाबाई त्याला दिसली.

"आई! तू कामून आलीस इथं?"

"कामून म्हंजी? पाटीवर तुजं नाव हाय, गल्लीतला केरबा बाजाराला आल्ता, त्यो वाचून आला. माज्या लेकाची सही खोटी नसती म्हनलं, आन् समद्याला घिऊन आले."

"आई, पाया पडतो. मागं विहीर हाय. माणसं पडतील!"

सरजाबाईने एकदा विहिरीकडे पाहिलं, एकदा लोकांकडे पाहिलं, आणि ती कंबरेला पदर खोचून उठली. "ए! खाली बसा समदे! उभ्याला कायबी मिळायचं न्हाई! वळीनं बसा!"

आणि पाच हजार माणसं खाली बसली. टँकरपुढच्या दोन वर्षांच्या सवयीने ओळी आपोआप लागल्या. उदगीरच्या संघाचा गोलकीपरही तिसऱ्या ओळीत जागा धरून बसला.

चारच्या ठोक्याला कलेक्टर आले ते थक्क होऊन उभेच राहिले. "एवढं फुटबॉलचं वेड?"

"पाटीवर यांची सही आहे, साहेब," लक्ष्मणरावांनी तत्परतेने निवृत्तीकडे बोट दाखवलं.

कलेक्टर सरजाबाईपुढे वाकले. "आजी, तुम्ही कोणत्या संघाकडून?"

"काम द्या न्हाईतर ज्वारी द्या, साहेब. संघ कोन्ताबी चालंल."

कलेक्टर त्या ओळींमधून विहिरीपर्यंत चालत गेले. मग त्यांनी विहिरीला कठडा, दुसरं फाटक आणि मैदानाभोवती बसायला मातीच्या पायऱ्या असं सगळं रोजगार हमीतून उद्याच सुरू करायला सांगितलं. सामना पुढे ढकलला.

"मजूर किती लागतील?" त्यांनी विचारलं.

पुन्हा आकडा लिहायचा म्हणताच निवृत्तीने पेन खिशात परत ठेवलं. "जेवढे बसलेत तेवढे, साहेब. पाळीपाळीनं घेऊ."

"घ्या. हजेरीच्या मस्टरवर सही तुमचीच राहू द्या, लोकांचा विश्वास दिसतोय. फक्त तुमच्या नात्यातलं कुणी त्यात नको."

संध्याकाळी नावं लिहून संपली. गल्लीतल्या एकूण एक बायांची लागली, फक्त सरजाबाईचं सोडून. निवृत्ती धावतच आईकडे गेला. "आई, नोकरी वाचली बघ! आता पक्कीसुदिक होईल!"

सरजाबाईने रिकामं पोतं झटकून घडी घातलं.

"बरं झालं बाबा," ती म्हणाली. "आन् सोडायची म्हनलं तर किती दिस लागतेत रं?"