बरी झालेली खरखर

"चाळीस वर्षांत माझा हात लागलेली एकही वायर पुन्हा कुरकुरली नाही!" असं वायरमन छातीवर हात ठेवून सांगायचा. ते खोटंही नव्हतं. गल्लीत त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. वायरमन म्हटलं की तोच! आणि अशा माणसाच्या पोटी मुलगा निघाला तो असा, की ज्याच्या गिटारीतून गाणं कमी आणि खरखर जास्त!

मुलाचा बँड दोघांचा. तो गिटार बडवायचा आणि त्याची मैत्रीण टेबलावर यंत्रं मांडून त्यांतून ठोके, शिट्ट्या आणि भुतं काढायची. सतत बटणं दाबते म्हणून सगळे तिला बटणाबाई म्हणत. सात वर्षं दोघं वायरमनच्या मागच्या खोलीत धडपडत होती. रेकॉर्ड स्वतःच काढायची, पाकिटं स्वतःच चिकटवायची आणि विकत घ्यायला पुढे कोण, तर मुलाची आई! अलीकडे मात्र त्यांचं एक गाणं बऱ्याच लोकांच्या कानावर गेलं आणि एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस रविवारी अकराला हॉलवर ऐकायला येणार असं ठरलं. त्याला पसंत पडलं तर पुढची रेकॉर्ड कंपनी काढणार. नाही पडलं, तर मुलगा सोमवारपासून मामाच्या फरशीच्या दुकानात बसणार. तसा शब्दच त्याने आईला दिला होता.

रविवारी हॉलवर वायरमनचा जीव थाऱ्यावर नव्हता. खुर्चीवर बसला, उठला, प्लग चाचपले, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"अहो, खुर्चीला काटे आहेत का?" बायको म्हणाली.

"अगं, ती खरखर ऐकून साहेब काय म्हणेल? बाप वायरमन आणि घरात ही बोंब!"

"कशाला हात लावू नका."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पण मुलगा आणि बटणाबाई पाहुण्याला आणायला फाटकापर्यंत गेली, बायको पाण्याची बाटली भरायला गेली आणि वायरमनचे हात शिवशिवू लागले. गिटारीची वायर जमिनीवरच्या एका लोखंडी डब्यातून जायची. गाण्यात मधेच मुलगा तो पायाने दाबायचा, की खर्रर्र! वायरमनने चार स्क्रू काढून झाकण उघडलं आणि त्याच्या अंगावर काटाच आला. आत एक वायर सुटून लोंबत होती आणि कुणा गाढवाने ती रबरबँडने बांधली होती! सोल्डरिंगचं सामान पिशवीत होतंच. चार मिनिटांत त्याने असा डाग दिला, की हत्तीने ओढला तरी सुटू नये.

कंपनीचा माणूस आला. मांडीवर वही, चेहरा दगडाचा. गाणं सुरू झालं. मुलाने डबा दाबला. गिटार काचेसारखी लख्ख वाजली! त्याने पुन्हा दाबला. मग त्यावर उडीच मारली. वायरमनने मागून अंगठा दाखवला.

"साहेब, पाचच मिनिटं!" म्हणत मुलगा डबा घेऊन धावत मागे आला.

"बाबा, डबा उघडलात?"

"नुसता उघडला नाही, बरा केला!"

"अहो, ती खरखर म्हणजेच आमचं गाणं! भंगारात पन्नास डबे धुंडाळले, तेव्हा हा एक आजारी डबा सापडला! तो रबरबँड मी बांधला होता!"

गाढव सापडलं होतं. पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

"काका, पुन्हा बिघडवा ना," बटणाबाई रडकुंडीला आली.

जन्मभर दुरुस्ती केलेल्या माणसाला बिघडवता कुठून येणार? त्याने ओढलं, आपटलं. डाग जागचा हलेना! शेवटी पक्कड लावून हिसडा दिला, तर वायरच मुळापासून तुटली. आता लख्खही नाही आणि खरखरही नाही! एकच मार्ग उरला. यंत्रांच्या टेबलाखाली बसायचं आणि तुटलेली टोकं हाताने एकमेकांवर घासायची.

"शॉक बसेल हो!" बायको म्हणाली.

"डब्यातल्या एवढ्याशा बॅटरीने मुंगीही मरणार नाही. पण घासायचं केव्हा?"

सात वर्षं त्याने प्रत्येक गाण्यातला फक्त दोष ऐकला होता, गाणं ऐकलंच नव्हतं. बायकोला मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीआडून सगळं पाठ झालं होतं.

"मी पुढच्या रांगेत बसते. डावी चप्पल उचलली की घासा, टेकवली की थांबा."

टेबलावरचा काळा कपडा खाली सोडला. त्याच्या फटीतून वायरमनला जगातली एकच वस्तू दिसत होती, बायकोची चप्पल! एवढा संसार तिच्या इशाऱ्यावर चालला, मग तीन गाणी का नाही चालणार?

दोन चालली. तिसरं गाणं संथ होतं, आणि वायरमन पहिल्यांदाच ते नीट ऐकत होता. एवढ्यात बायकोच्या डाव्या पायावर माशी बसली. तिने पाय झटकला. खर्रर्र! पुन्हा झटकला. खर्रर्र! "नाही, नाही" म्हणून तिने दोन्ही पाय हलवले, तर वायरमनला चेवच आला! कंपनीच्या माणसाची वही खाली पडली.

गाणं संपलं. कंपनीच्या माणसाने वही उचलली.

"छान," तो माणूस म्हणाला. "रेकॉर्ड काढू आपण. फक्त ती मधली खरखर तेवढी एखाद्या चांगल्या वायरमनला दाखवून काढून टाका."

"आजच काढतो, साहेब!" मुलगा म्हणाला.

"खबरदार!"

काळा कपडा हलला आणि वायरमन दोन्ही हातांत वायरी धरून रांगत बाहेर आला. "ती काढली तर उरतं काय? सगळं दवाखान्यासारखं स्वच्छ!"

"बाबा, गप्प बसा! साहेब हो म्हणतायत!"

"तू गप्प! पन्नास डबे धुंडाळलेस ते काय शोभेला?"

त्या माणसाने वायरींकडे पाहिलं, वायरमनच्या गुडघ्यांवरच्या धुळीकडे पाहिलं. "हे गृहस्थ केव्हापासून खाली आहेत?"

"डबा तुटल्यापासून," बायको म्हणाली. "पण तिसऱ्या गाण्यात त्यांची चूक नाही हो. माशी होती."

दगडाच्या चेहऱ्याला तडा गेला. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "राहू दे. जशी आहे तशीच राहू दे!"

चार महिन्यांनी रेकॉर्ड आली. पाकिटाच्या मागे वायरमनचंही नाव होतं. जन्मात पहिल्यांदा छापून आलेलं! चष्मा घरीच विसरून तो ते गल्लीभर मिरवत सुटला. चौदा घरं झाल्यावर बायकोने त्याला दारातच गाठलं आणि खालची ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

"गिटार : वायरमनचा मुलगा. यंत्रं : बटणाबाई. बिघाड : वायरमन."

पुढचे पंधरा दिवस त्याला गल्लीतून कामाचं एकही बोलावणं आलं नाही.