थोरला आणि धाकटा

कॅसेटमध्ये गिटारचा सोलो सुरू झाला की बबनराव हॉर्न वाजवत नसत. समोर म्हशी आडव्या येवोत की सिमेंटचा ट्रक, आमची गाडी निमूट उभी राही. मागे बसलेल्या आम्हा चौघांना हिंजवडीत नऊच्या मीटिंगला पोचायचं असे. "कलाकार वाजवतुया साहेब," ते म्हणत, "मधीच पों करणं बरं न्हाई."

ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. बबनराव हिंजवडीच्या वाटेवरच्या नांदे गावचे, आमच्या कंपनीच्या कॅबचे ड्रायव्हर. एका परदेशी हेवी मेटल बँडची माझी कॅसेट त्यांच्या गाडीत राहिली आणि आठवड्याभरात माणूस पार खुळावला. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. गाणाऱ्याला ते 'वरडणारा' म्हणत आणि त्याचं कधी आटपतंय याची वाट बघत. त्यांचा जीव अडकला होता दोन गिटारवाल्यांत. कव्हरवरचा फोटो बघून त्यांनी नामकरणही उरकलं होतं. दाढीवाला तो थोरला, झिपऱ्यावाला तो धाकटा. कोणता सोलो कोणाचा, ते मी कव्हरवरचं वाचून सांगितलं होतं.

"थोरल्याचं बघा, एक सूर धरला की सोडतच न्हाई. चार सुरांत काम तमाम. धाकटा घास चावीतच न्हाई, निसता गिळतोय. पर दम हाय गड्यात." हे सांगताना त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंग सोडून हवेत जात आणि आम्ही चौघं सीटच्या कडा घट्ट धरत असू. तरी खरं सांगतो, गिटार इतक्या नीट ऐकायला मला याच माणसाने शिकवलं. सकाळी गाडीत बसायची मला अक्षरशः घाई व्हायची.

एकदा मी म्हटलं, मला थोरलाच जास्त आवडतो. कंपनीच्या गेटपाशी बबनराव म्हणाले, "तुमी कधी वरातीत वाजवलंय का?"

त्यांनी वाजवलं होतं. ते आणि त्यांचे थोरले भाऊ ज्ञानोबा, दोघं गावच्या बँडपथकात क्लॅरिनेट वाजवायचे. वरात दारात आली की शेवटची चाल थोरल्याने एकट्याने वाजवायची आणि धाकट्याने मागे नुसता सूर धरायचा, असा त्यांचा रिवाज. एका लग्नात नाचणारी पोरं चेकाळली, बबनरावांच्या अंगात आलं आणि त्यांनी दादांची चाल मध्येच तोडून आपली तान सोडली. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. दादांनी क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं आणि त्या दिवसापासून धाकट्याशी बोलणं टाकलं. त्याला नऊ वर्षं झाली होती. दोघांच्या घरांची भिंत एकच.

पुढे काही महिन्यांनी मी बातमी आणली, कॅसेटमधल्या थोरल्याने बँड सोडला.

बबनरावांनी गाडी कडेला घेतली. "भांडान झालं?"

"असेल. माहीत नाही."

"म्हंजे आता धाकटा एकटाच वाजवणार?" ते म्हणाले. "मग त्याला थांब म्हणणारं कोण ऱ्हायलं वो?"

मला फार वाईट वाटलं. कुठून ही बातमी सांगितली, असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांद्याच्या फाट्यावर गाडी अचानक गावात वळली. एका घराच्या ओट्यावर पांढऱ्या मिशांचे गृहस्थ तंबाखू मळत बसले होते. बबनरावांनी गाडीची चारी दारं उघडली आणि आवाज वाढवला. कोंबड्या पळाल्या. शेजारपाजारचे दारात आले. आम्ही चौघं मान खाली घालून बसलो.

थोरल्याचा सोलो संपला, धाकट्याचा सुरू झाला.

"दादा, ऐकलंस का? थोरल्याचं पुरतं झालं, मग ह्यानं तोंड उघाडलं. मी थांबलो न्हाई. माझं चुकलं."

ज्ञानोबादादा तंबाखू मळतच होते. सोलो संपला आणि वरडणारा पुन्हा सुरू झाला, तेव्हा मीच पुढे वाकून टेप बंद केला.

"च्या पिलास का?" दादांनी मान वर न करता विचारलं.

अर्ध्या तासापूर्वी सूसच्या टपरीवर आमच्याबरोबर दोन कप रिचवलेले बबनराव म्हणाले, "न्हाई, दादा."