सराफाच्या यंत्रातली लवंग

रविवार, सकाळचे दहा. भाडं ठरलं लिंबांची एक पाटी, शंभर नग, फळ आल्यावर. हजर: बेलापूरचे आमचे सराफ, शेजारचे अण्णा आणि जामीन म्हणून मी. भाड्याची वस्तू म्हणजे दागिने धुण्याचं यंत्र, रोज रात्रीपुरतं. अण्णांना मात्र त्यात लवंगेचं तेल पाण्यात घुसळायचं होतं!

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून अण्णांचा एकच मंत्र. "थेंब बारीक करा, भाऊसाहेब! मोठा थेंब पान जाळतो, बारीक थेंब किडं मारतो." त्यांच्या अंगणातल्या लिंबावर मावा पडला होता. दुकानातलं औषध मारा, म्हटलं. "इख हाय ते. माज्या अंगनात न्हाई यायचं."

आधी त्यांनी साबणासारखं काहीतरी घालून तेल-पाणी घरच्या मिक्सरमधून काढलं. दुधासारखं दिसलं. ते फवारलं, तर दोन फांद्या करपल्या. उरलेल्यात सकाळी तेल खाली, पाणी वर. अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, चटणीला आठवडाभर लवंगेचा वास. "थेंब मोठा ऱ्हायला," अण्णा म्हणाले. "बाटलीतून पेपर वाचता आला पायजे." म्हणून हे थरथरणारं यंत्र.

चार दिवसांनी सराफांचा फोन. "भाऊसाहेब, तुमच्या शब्दावर यंत्र दिलं. आज नवरीचं मंगळसूत्र धुऊन दिलं, तर सासू विचारते, दाढ कुणाची दुखतेय?"

मी अण्णांना घेऊन दुकानात गेलो. अण्णा खुशीत. "वास टिकला, म्हंजी तेल लई बारीक झालं!"

"यंत्र बंद, अण्णा!" सराफ म्हणाले. "झाड गेलं तरी चालेल."

"झाड न्हाई जाऊ द्यायचं," अण्णा एकदम हळू बोलले आणि पिशवीतून बाटली काढली. सराफांनी ती वर्तमानपत्रापुढे धरली. पलीकडचा सोन्याचा भाव स्वच्छ वाचता आला. "वापरून झाल्यावर घासून द्यायचं," एवढंच ते म्हणाले.

मावा गेला, लिंबं धरली. पाटी पोचवण्याआधी मी मोजली. नव्याण्णव! जाब विचारायला अण्णांच्या अंगणात शिरलो.

शंभरावं लिंबू वहिनींच्या हातात होतं. आजूबाजूच्या बागांत मारतात त्या औषधाच्या उग्र वासानं त्यांना दम लागतो. दर हंगाम त्या खिडक्या लावून घरात काढत. आज झाडाखाली खुर्ची टाकून लिंबू हुंगत बसल्या होत्या. शेजारी उकिडवे अण्णा.

"दम न्हाई ना लागत?"

"नाही हो. किती वेळा विचाराल?"

मी तसाच मागे फिरलो. सराफांना शंभर लिंबं पोचती केली. एक बाजारातून विकत घेतलं. जामीन मीच होतो.