पाठारेकाकांचं वायोमिंग

जानेवारीत कालगुर्लीचा पारा बेचाळिसावर गेला की शहाणी माणसं पडदे ओढून घरात बसतात. पाठारेकाका टाय बांधून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसतात. दाराशी चपला काढतात, आत चिटपाखरू नसलं तरी "गुड मॉर्निंग" म्हणतात, लॅपटॉप उघडतात आणि सगळ्यात आधी वायोमिंगचं हवामान बघतात. मग कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या मला ओरडून सांगतात, "अनघा, आज आपल्याकडे बर्फ पडतंय गं!"

आपल्याकडे म्हणजे वायोमिंगला. वायोमिंग हे अमेरिकेतलं एक राज्य. काका तिथे कधी गेलेले नाहीत. अमेरिकेतच गेलेले नाहीत. पण तिथे त्यांची कंपनी आहे, आणि कंपनी जिथे असते ते आपलं घरच, असं त्यांचं म्हणणं.

आमचं कालगुर्ली हे ऑस्ट्रेलियातलं सोन्याच्या खाणीचं गाव. पर्थहून गाडीने यायचं तर अख्खा दिवस मोडतो आणि वाटेत लाल मातीशिवाय बघायला काही नाही. इथे मराठी घरं दोनच, तीही एकाच कुंपणाला चिकटलेली, त्यामुळे भांडण परवडत नाही. मी इथल्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. काका खाणीत व्हेंटिलेशन इंजिनिअर, म्हणजे जमिनीखाली काम करणाऱ्या माणसांना श्वास घ्यायला हवा पोचवणारे. त्या कामात परमिट घेतल्याशिवाय नटसुद्धा फिरवत नाहीत, आणि ती सवय काकांच्या हाडीमासी खिळली आहे. माझा किचनचा नळ गळायला लागला तेव्हा मी त्यांना हाक मारली. त्यांनी आधी नळाभोवती पिवळी टेप लावली, मग मला दोन पावलं मागे उभं केलं आणि वॉशर बदलायच्या आधी ‘संभाव्य धोके’ मोठ्याने सांगितले. मी हसले तर म्हणाले, "प्रोसेस आहे, प्रोसेस!"

हा त्यांचा तारक मंत्र. जगात अशी एकही अडचण नाही जी प्रोसेसने सुटत नाही, यावर त्यांची देवाहून जास्त श्रद्धा आहे.

तर कंपनीची कथा. वासंतीकाकू क्रोशाचं विणकाम करतात. पुण्यात त्या शाळेत शिवण-विणकामाच्या बाई होत्या. इथे आल्यावर शाळा सुटली, पण सुई सुटली नाही. तोरणं, देव्हाऱ्यातले रुमाल, मोरांची जोडी, आंब्याची पानं... मी त्यांच्या विणकामाचे फोटो काढून नेटवर टाकायची. ते अमेरिकेतल्या एका लोकरीच्या दुकानाच्या मालकिणीने बघितले आणि ती वेडीच झाली. तिला काकूंचे नमुने तिच्या दुकानातून विकायचे होते, काकूंच्या नावासकट. फक्त तिचा अकाउंटंट हटून बसला होता. करार करायचा तर अमेरिकन कंपनीशीच, परदेशातल्या सुट्या माणसाशी नाही.

"जाऊ दे हो," काकू म्हणाल्या. "माझ्या रुमालांसाठी कोणी कंपनी काढतं का?"

दुसरा कोणी असता तर त्याने जाऊ दिलं असतं. काका त्याच शनिवारी शेडमधलं गवत कापायचं मशीन बाहेर काढून तिथे टेबल मांडून मोकळे झाले. आठवड्याभराने त्यांनी मला चहाला बोलावून समजावलं की परदेशी माणसालाही घरबसल्या अमेरिकेत कंपनी काढता येते. व्हिसा लागत नाही, विमानाचं तिकीट लागत नाही. कंपनी एलएलसी काढायची. लिमिटेड लायबिलिटी, मर्यादित जबाबदारी. "कंपनी बुडाली तर कंपनीच बुडणार, घर बुडणार नाही."

"यांची जबाबदारी लग्नापासून मर्यादितच आहे," काकू खारी वाटीत घालता घालता म्हणाल्या. "त्यासाठी अमेरिकेला कशाला जायला हवं?"

नावावरून आठवडाभर खल झाला. काका रोज नवं नाव आणायचे, प्रत्येकात ‘ग्लोबल’ असायचंच. काकू वैतागून म्हणाल्या, "काहीही ठेवा. इथे लाल धुळीशिवाय आहे काय?" काका ताडकन उठले. कंपनीचं नाव पडलं, लाल धूळ एलएलसी.

अर्ज दसऱ्याला पाठवायचा होता. आता दसरा कुठला? आमच्याकडे दसरा उजाडला तेव्हा वायोमिंगला नवमीच चालू होती. काकांनी पर्थच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, बाळ जिथे जन्माला येतं तिथली वेळ धरतात. झालं! सकाळी आम्ही लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, पण बटण दाबायला वायोमिंगचा सूर्य उगवेपर्यंत थांबलो. तोवर काकांनी निलगिरीची पानं सोनं म्हणून गल्लीभर वाटली. खऱ्या सोन्याच्या खाणीत राबणारा शेजारचा बॅरी ते पान उलटंपालटं करून बघत म्हणाला, "मेट, तुझी अमेरिकेत कंपनी होणार, आणि तुझ्याकडे अजून एक यूट नाही?" यूट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी; ती नसलेला पुरुष इथे अर्धवट समजतात. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "नो वरीज, बॅरी. फर्स्ट कंपनी, देन यूट. प्रोसेस आहे."

परदेशी माणसाच्या कंपनीला तिथल्या पत्त्यावर एक प्रतिनिधी नेमावा लागतो. सरकारी टपाल आलं तर घ्यायला कुणीतरी हवं ना. असे प्रतिनिधी हजारो कंपन्यांचं टपाल सांभाळतात, आणि कुणाची कुठली कंपनी हे त्यांना माहीतही नसतं. पण काकांच्या पहिल्या ईमेलला ब्रेंडा नावाच्या बाईंनी उत्तर दिलं आणि त्या क्षणापासून त्या ब्रेंडाताई झाल्या. "परक्या मुलखात आपलं दार त्या उघडतात," काका म्हणायचे. "नातं झालं की नाही?"

नातं झालं म्हटल्यावर दिवाळीला फराळ जायलाच हवा. चकल्या, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू नीट डब्यात बंद होऊन कंपनीच्या नावाने वायोमिंगला रवाना झाले. आता त्या ऑफिसचा नियम असा, की कंपनीच्या नावाने जे येईल ते उघडायचं, स्कॅन करायचं आणि मालकाला पाठवायचं. एका सकाळी काकांना ईमेल आला, ‘आपल्या कंपनीसाठी नवीन दस्तऐवज प्राप्त.’ पहिलंच सरकारी पत्र! काकांनी टाय नीट करून उघडलं तर स्कॅनरच्या काचेवर पालथी घातलेली चकली, काळीपांढरी, एकूण एक काटा स्पष्ट. खाली ब्रेंडाताईंचा प्रश्न, हे फाइल करायचं की पुढे पाठवायचं?

काकांनी उत्तर लिहिलं, "नीदर. प्लीज ईट."

दुसऱ्या दिवशी ब्रेंडाताईंचं उत्तर आलं. सगळं ऑफिस विचारतंय, ते गोल पिवळे अजून आहेत का? लाडवांचं हे कौतुक काकांनी खाणीतल्या ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. मी टिंगल करत होते खरी, पण मलाही अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

इथवर सगळं सुरळीत झालं. अडलं ते पुढे. कंपनीला अमेरिकन टॅक्स खात्याचा नंबर लागतो. तो नसेल तर बँक दारात उभं करत नाही, आणि करारही होत नाही. अमेरिकेत राहणाऱ्याला तो ऑनलाइन चुटकीसरशी मिळतो. परदेशी माणसाने फॅक्स करायचा. काकांनी लायब्ररीतून फॅक्स केला. उत्तर नाही. पुन्हा केला. ख्रिसमस आला, गेला. दुकानाच्या मालकिणीचा निरोप आला की जानेवारीअखेर नंबर नसेल तर वसंतातला कॅटलॉग तिला दुसऱ्या कुणाचे नमुने घेऊन छापावा लागेल. काकूंनी मोरांची जोडी कपाटात घडी घालून ठेवली आणि त्या विषयावर बोलणंच बंद केलं. रोज टाय बांधणारा तो माणूस त्या आठवड्यात टायची गाठ अर्धवट सोडून हिंडत होता. मला फार वाईट वाटलं.

"फोन करू या," मी म्हटलं. परदेशी लोकांसाठी त्यांचा एक फोन नंबर आहे हे मीच शोधून काढलं. लग्नानंतर दोन वर्षं मी टेक्ससमध्ये काढली होती, त्यामुळे तिकडचे उच्चार समजावून द्यायची जबाबदारी माझ्यावर आली.

शनिवारी सकाळी आम्ही शेडमध्ये जमलो. तिकडे शुक्रवारची रात्र. काकांनी नवा शर्ट घातला होता. अमेरिका फोनवर असताना बसायचं नाही म्हणून ते उभेच होते. होल्डचं संगीत वाजत राहिलं, पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत राहिला, आणि एकदाचा बाईंचा आवाज आला. काकांनी कंपनीचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, सगळं पाठ. मग बाईंनी विचारलं, कंपनीचे मालक आपणच का?

"नो, मॅडम," काका म्हणाले. "आय ॲम ओन्ली द मॅनेजर."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, मग मालकांना फोन द्या.

काकांनी खिडकीतून घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं वासंती, ये जरा. तुझा फोन आहे."

काकू कणकेच्या हाताने आल्या. "माझा? पुण्याहून?"

"अमेरिकेहून. तू मालक आहेस ना, त्यांना तुझ्याशी बोलायचंय."

"कसली मालक?"

"कंपनीची. पूर्ण. मी त्यात कुठेच नाही."

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या आता लक्षात येत होतं ते एवढंच, की नवऱ्याने बोट ठेवावं आणि काकूंनी न वाचता सही करावी, ही यांच्या घरची जुनी रीत. घर घेताना तसंच, गाडी घेताना तसंच. कंपनीच्या वेळीही काकांनी बोट ठेवलं होतं, आणि काकूंनी पोळ्या लाटता लाटता कंपनी स्वतःच्या नावावर करून घेतली होती.

"हॅलो?" पलीकडून आवाज आला. "इज दिस मिसेस व्हॅसॅन्टी?"

काकूंनी पदराला हात पुसले. आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांची मान वर झाली. वर्गावर जाणाऱ्या बाईंचा आवाज त्या बेचाळीस डिग्रीतल्या शेडमध्ये खणखणला. "नो. नॉट व्हॅसॅन्टी. वा-सं-ती. से इट, प्लीज."

अमेरिकेच्या टॅक्स खात्यातल्या बाई मुकाट्याने म्हणाल्या, "वासंती."

"व्हेरी गुड," काकू म्हणाल्या. "नाऊ आस्क."

मग प्रश्न झाले. कंपनी कशाची? "माय डिझाइन्स." काम कोण करतं? "आय डू." सगळ्याला जबाबदार आपणच का? इथे काकूंनी एकदा काकांकडे पाहिलं. काका टाचा जोडून सरळ उभे. "येस," काकू म्हणाल्या. "मी." मी घाईघाईने त्याचं इंग्रजी केलं. बाईंनी नंबर सांगितला, काकूंनी तो परत म्हणून दाखवला, आणि फोन बंद झाला.

"मला विचारलंत का नाही?" काकूंनी विचारलं.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

काकू फोन घेऊन घरात गेल्या. मग काका माझ्याशी बोलायला लागले. बायकोला सांगायचं ते शेजारणीला सांगणारी ती पिढी.

"पुण्यात रस्त्यात मुलं थांबून हिला नमस्कार करायची, अनघा. मला कुणी ओळखायचं नाही, मी बाईंचा नवरा. इथे आणली तेव्हा तिच्या व्हिसावर ‘डिपेंडंट’ लिहिलं होतं. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, फॉर्मॅलिटी असते गं. त्यानंतर बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे मिस्टर पाठारेंची मिसेस. ती कधी बोलली नाही. मला मात्र तो शब्द रोज खायचा. म्हटलं, एका तरी देशात हिच्या नावापुढे माझं नाव नको."

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी नुसती त्यांचा दंड धरून उभी राहिले.

मग आम्ही दोघं घराकडे निघालो. किचनची जाळी उघडीच होती. आत काकू पुण्याला धाकट्या बहिणीशी बोलत होत्या. या घरातून पुण्याला गेलेला प्रत्येक फोन मी कुंपणावरून ऐकलेला आहे. "यांचं प्रमोशन झालं." "यांना बरं नाही." "यांनी गाडी घेतली." कायम हेच.

"मी कंपनी काढली," काकू म्हणत होत्या. "हो, अमेरिकेत. मी. माझे नमुने, माझ्या नावाने." मग बहिणीने काहीतरी विचारलं असावं, कारण काकू खळखळून हसल्या. "तुझे भावोजी? ते माझ्याकडे कामाला आहेत."

काका जाळीबाहेर उन्हात थांबले. त्यांनी मला बोटाने गप्प राहायची खूण केली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"ऐकलंस?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "मला ठेवून घेतलं."