ठिकाण आल्यावर भाडं

नागोराव कुठल्याही गाडीचं भाडं पोचल्याशिवाय देत नसत. मुदखेड स्टेशनवरून गावात टांग्याने आले तरी आधी खाली उतरायचं, धोतर झटकायचं, टांगेवाल्याला ‘घोड्यानं पाणी पिलं का?’ असं विचारायचं आणि मग कनवटीचे पैसे सोडायचे. त्यात वावगं काही नव्हतं, आमच्याकडे टांग्याचं भाडं असंच देतात. आगगाडीचं तिकीट मात्र आधी काढावं लागतं, म्हणून आगगाडीवर त्यांचा कायमचा राग. “आधी पैसे अन् मंग गाडी! ह्यो काय व्यवहार हाय?” असं ते तिकिटाच्या खिडकीत तोंड घालून दर वेळी विचारायचे. आणि हाच कायदा त्यांनी हैदराबादच्या बसलाही लावला होता.

मी तेव्हा मुदखेडच्या शाळेत मास्तर होतो आणि नागोराव माझे शेजारी. सरकी-पेंडीचं दुकान, घरात एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक लेक गोदावरी हैदराबादला, सुलतान बाजारात दिलेली. दर दोन-चार महिन्यांनी ते दुकानाला कुलूप लावून हैदराबाद गाठत. परत आले की पायरीवर माणसं जमत आणि नागोराव सुरू होत. कशावर? तर दुमजली बसवर!

“अहो, जिना हाय बसीला, जिना! वरल्या मजल्यावर बसलं की अख्खं हैदराबाद मानसाच्या गुडघ्याखाली. खाली तांगे, मोटारी, आन् आपुन वर हवा खाऊन राहिलो!”

“अन् गोदीकडं गेल्ता का?” कुणी विचारलं की म्हणायचे, “बरी हाय. तर त्या जिन्याला पितळी दांडा हाय...”

लेकीपेक्षा बसच यांना प्यारी, असं गावाने ठरवून टाकलं. मीही त्यात हो ला हो मिळवायचो.

एकदा शाळेच्या पुस्तकांसाठी मला हैदराबादला जायचं होतं. नागोरावांना कळलं आणि ते उड्याच मारू लागले. “गुरुजी, संगं येतो. तुमाला बस दावतो!” गाडीत त्यांनी मला बस इतकी समजावून सांगितली की चालवायची तेवढी बाकी राहिली. मधेच एकदा म्हणाले, “गोदीचे दिवस भरलेत.” आणि पुन्हा जिन्यावर आले. बरोबरच्या दशमीचं फडकं मात्र त्यांनी सोडलंसुद्धा नाही.

सिकंदराबादला उतरलो आणि ती बस दिसली. खोटं कशाला सांगू, माझीही मान आपोआप वर गेली. एवढं मोठं धूड चाकांवर उभं, वर खिडक्यांची दुसरी रांग! नागोराव जिन्यावरून तरुणासारखे पळाले आणि डावीकडची पुढची जागा त्यांनी पंचा टाकून धरली. एक जण तिथे बसू पाहत होता, त्याला म्हणाले, “ही नको. दुसरी कोंची बी घ्या, पर ही नको.”

कंडक्टर आला. पिकली दाढी, खांद्याला चामड्याची पिशवी. नागोरावांना पाहून हसला. “आ गए चचा? मुदखेड में सब खैरियत?”

“हाव. तुमचं?”

त्याने दोन तिकिटं फाडून दिली. माझे पैसे घेतले, नागोरावांचे मागितलेच नाहीत. मला म्हणाला, “इनका क्या है साब, पैसे मुठ्ठी में रखते, उतरे बाद देते. मैं अपने जेब से भर देतूं. आज तक एक पैसा नहीं डुबाए.”

“पर तुम्ही उतरता कुठं?” मी नागोरावांना विचारलं.

“पार शेवटाला. अन् मंग माघारी.”

“आणि गोदीचं घर?”

नागोरावांनी पंच्याने समोरची काच पुसली. मग हळूच म्हणाले, “सडकंवरच हाय. माडीवर ऱ्हाते. वरल्या मजल्यावरून तिची ग्यालरी अगदी समूर येती.”

आता माझी ट्यूब पेटली म्हणावं, तर मुदखेडला अजून वीजच नव्हती. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी अन्नाला शिवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. नागोराव तर पाणीसुद्धा वर्ज्य मानत.

“लग्नाच्या साली गेल्तो एकदा. उन्हाळा हुता. पोर तांब्या घेऊन उभी ऱ्हायली अन् मी न्हाई म्हनलं. तिचं तोंड एवढंसं झालं, गुरुजी! तवापासून वर जात न्हाई. इथूनच बघतो. ती असते ग्यालरीत. कदी नसते.”

बस सुलतान बाजारात शिरली. नागोराव उठून उभे राहिले, दांडा दोन्ही हातांनी धरला. मीही उभा राहिलो.

गॅलरीत गोदी नव्हती. दोरीवर मात्र बाळुती वाळत होती. जुन्या लुगड्याची, रांगेने, पांढरी आणि लाल.

“थांबवा!” नागोराव ओरडले. “आलं! ठिकाण आलं माझं!”

सगळी बस उठून उभी राहिली. कंडक्टरने घंटी मारली. नागोरावांनी मूठ उघडून त्याच्या हातात ओतली, कनवट सोडून तीही ओतली. “वरल्या मजल्याचं समद्यायचं तिकीट माझ्याकडून!” कंडक्टर जास्तीचे पैसे परत करू लागला, पण नागोराव जिन्यावरून खाली पोचलेही होते. मी त्यांचा पंचा घेऊन मागे पळालो.

जावई दारातच भेटले, पत्र टाकायलाच निघालेले. मुलगी झाली होती. विहीणबाई लगबगीने पुढे आल्या आणि बिचाऱ्या अवघडल्या. “बसा दादा. पर बाळंतपणाचं सोयर अजून फिटलं न्हाई. घरचं पानी कसं देऊ तुमाला?”

“विहीणबाई, रिवाज लई पाळले मी,” नागोराव म्हणाले. “आता पानी आना.”

तांब्या आला. तो घेऊन ते बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी गेले. घाईघाईत निम्मं पाणी सदऱ्यावर सांडत होतं.

“गोदे,” ते म्हणाले, “इकडं बघ, बाई. पानी पिऊन राहिलो मी.”

तांब्या संपला, तेव्हा त्यांनी दुसरा मागितला.