बाराशेवी बरणी

"अगं, तपासणी म्हणजे काय? बरण्या मोजायच्या आणि कागदाशी जुळवायच्या! जुळवाजुळवीत माझा हात कोण धरणार?"

असं बायकोला ऐकवून तंतोतंतराव ऐटीत सीमाशुल्काच्या गोदामाकडे निघाले. हे नाव त्यांना कचेरीनं दिलं होतं. वीस वर्षं त्यांनी रेकॉर्ड विभाग सांभाळला, एक टाचणी इकडची तिकडे झाली नाही. मग एके दिवशी साहेबांना "तुमची खुर्ची तुम्हाला लखलाभ!" असं सुनावून त्यांनी राजीनामा दिला आणि परदेशातून मध मागवला. बाराशे बरण्या! मध पास झाला तर दुकान. नापास झाला तर सगळा माल परत आणि तंतोतंतराव साहेबांच्या दारात.

तपासणी उद्यावर होती. आज गोदामात बसून फक्त मराठी लेबलं चिकटवायची होती. अकराशे नव्व्याण्णव लेबलं झकास बसली. बाराशेवी बरणी हातातून निसटली. खळ्ळ!

दुसरा कोणी चार वेळा हळहळून मोकळा झाला असता. तंतोतंतरावांना मात्र दरदरून घाम फुटला. कागदावर बाराशे आणि समोर अकराशे नव्व्याण्णव! त्यांनी फरशी पुसली, काचा जेवणाच्या डब्यात भरल्या आणि घर गाठलं. घरी नमुन्याची एक बरणी होती, अगदी तश्शीच.

"अहो, त्यातला मध कधीच संपला," बायको म्हणाली. "मी साखरेचा पाक भरून ठेवलाय. रंग मात्र हुबेहूब!"

"मग झालं की काम!"

"अहो, पण तो मध नाही ना!"

"मध कोण बघतंय? आकडा जुळला म्हणजे झालं!"

सकाळी पिशवीतून बरणी गोदामात गेली आणि लेबल लावून शेवटच्या खोक्यात, तळाला, कोपऱ्यात बसली. एकूण बाराशे. तंतोतंतरावांचा जीव भांड्यात पडला.

तपासनीस बाई आल्या. एवढीशी मूर्ती, चष्म्याला दोरी, पायांत साध्या चपला. तंतोतंतरावांनी उत्साहानं खोक्यांमागून खोकी दाखवली. बाईंनी चार बरण्या इकडून तिकडून काढल्या आणि थांबल्या.

"आता ते शेवटचं खोकं. तळची रांग. हं, ती कोपऱ्यातली."

बाराशेतली नेमकी तीच!

बाईंनी पाचही बरण्या उलट्या धरल्या. चार बरण्यांत हवेचा बुडबुडा रमतगमत वर चढला. पाचवीत टुणकन! बाईंनी झाकण काढून एकदाच नाक जवळ नेलं.

"साखरेचा पाक. घरचा. जरा करपलाय, पण लिंबू पिळून सावरलाय."

तंतोतंतराव आ वासून बघतच राहिले. माल जाणार, दुकान जाणार, सगळं कळत होतं. तरी साष्टांग नमस्कार घालावा असंच त्यांना वाटलं. लिंबाचं तर त्यांनाही ठाऊक नव्हतं!

"मॅडम, तुम्हाला कळलं तरी कसं?"

"तुम्ही प्रत्येक खोक्यावर हात ठेवून माल दाखवलात. याच्याकडे नुसतं बघितलंसुद्धा नाहीत. आणि लपवायची वस्तू माणूस तळाला, कोपऱ्यातच ठेवतो. मधात पाक म्हणजे भेसळ. सगळा माल परत जातो, कल्पना आहे ना?"

तंतोतंतरावांनी घडाघडा सगळं कबूल केलं.

"फुटलेल्या बरणीच्या काचा कुठं आहेत?"

"डब्यात! टाकायचा धीर झाला नाही. झाकण धरून सत्तावीस तुकडे आहेत, मॅडम!"

बाईंनी झाकणावरचा नंबर पडताळला. आणखी वीस बरण्या उघडल्या, तासभर तपासल्या. सगळ्यांत अस्सल मध! मग त्यांनी अर्ज उलटा केला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. 'वाटेत वा गोदामात फुटलेला माल.'

"इथं 'एक' लिहा."

"एवढंच?"

"एवढंच. अहो, काचेचा माल समुद्रावरून आला आणि आकडा तंतोतंत? बावीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं! शंका मला तिथंच आली."

शिक्का बसला. तंतोतंतराव घरी आले आणि बायकोकडे टक लावून बघत राहिले.

"काय हो? पास झाला का मध?"

"झाला. पण तू पाकात लिंबू पिळतेस?"

"वीस वर्षं पिळतेय," बायको म्हणाली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"