अर्ध्या एकरातली बेचाळीस लाखांची लिंबं

विधी महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाला ‘करकायद्याची ओळख’ हा विषय असतो, आणि ही ओळख पक्की व्हावी म्हणून वीस गुणांची प्रकल्पवही असते. वही मान्य झाली नाही तर वर्ष वाया. यंदाचा विषय होता, ‘शेतीचे करमुक्त उत्पन्न : एका कुटुंबाचा प्रत्यक्ष अभ्यास’. जयमालाला वाटलं, देव पावला. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात तिच्या घरची दोन एकर लिंबाची बाग होती. अभ्यास दारातच उभा होता, काट्यांसकट.

शनिवारी ती गावी गेली. आई, भागिरथी, लिंबं वेचता वेचता सांगत होती आणि ही लिहीत होती: झाडं किती, बहार कधी, खैऱ्या रोग कुठल्या झाडाला, बाजारात पाटीला भाव काय. मध्येच आईनं ओवी घातली:

लिंबाचा गं भाव, पहाटे वर चढे
पाटी बाजारी गेली, दुपारी खाली पडे

जयमालानं तीही तळटीप म्हणून उतरवली. वर्षाचं निव्वळ उत्पन्न निघालं एक लाख बारा हजार.

सोमवारी हा विषय शिकवणाऱ्या रंगनाथ सरांनी वही परत दिली. वर लाल शाईत शेरा: ‘अवास्तव’.

“दोन एकरांत एवढंच? हे कुठून उचललंस?”

“घरून, सर. आईला विचारून.”

“आई हा संदर्भग्रंथ नाही,” सर म्हणाले आणि त्यांनी कपाटातून आदर्श वही काढली. तीत लिंबाची बाग अर्धा एकर होती आणि उत्पन्न बेचाळीस लाख. “यातलं प्राप्तिकराचं विवरणपत्र चार वर्षं विनातक्रार मान्य झालंय. मान्य झालं ते खरं. तुझा आकडा कुणी मान्य केलाय?”

कुणीच केला नव्हता. व्यापाऱ्यानंसुद्धा पैसे कुरकुरतच दिले होते.

शेजारच्या बाकावरच्या परवेझला एकोणीस गुण पडले. “अर्धा एकर डाळिंब, तीस लाख,” तो कुजबुजला. “आमची बेकरी हाय. घरात पुदिन्याची कुंडीसुद्धा न्हाई.”

विसंगती निघाली की समिती नेमावी लागते. तीन प्राध्यापकांच्या समितीनं भागिरथीला रीतसर पत्र धाडलं: ‘आपल्या झाडांनी प्रमाणित उत्पन्नापेक्षा कमी फळे दिल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत खुलासा करावा.’

भागिरथीनं पत्र दोनदा वाचलं. “झाडांना वाचून दाखवते म्हनावं. खुलासा त्यांनाच करू दे.”

तेव्हा समितीनं उदार मनानं ठरवलं, की या मागासलेल्या बागायतदाराला आदर्श बाग दाखवावी. भागिरथीला नगरला बोलावून घेतलं. विद्यार्थ्यांसकट महाविद्यालयाची बस निघाली आणि राहुरीच्या वाटेवर एका माळाशी थांबली. मुरूम, दोन बाभळी आणि पाटी: ‘आदर्श लिंबूबाग’. विद्यार्थी उतरले आणि नोंदी घेऊ लागले.

भागिरथीनं मूठभर मुरूम उचलून चोळून पाहिला. “सर, झाडं कुठं हायेत?”

“कागदोपत्री दोनशे आहेत, बाई.”

“आन् मालक कोन?”

सरांनी पाटीकडे बोट केलं. पाटीवर खाली त्यांच्या पत्नीचं नाव होतं. त्याच नावानं नगरात सरांचा खासगी क्लास चालायचा: तीनशे मुलं, फी रोख, पावती नाही. जयमालाला करकायद्याची खरी ओळख तिथं झाली. क्लासच्या फीचं पाणी माळाला सोडलं की लिंबं लगडतात, आणि लिंबांवर कर नसतो.

“कळलं ना?” सर मायेनं म्हणाले. “आकडा दुरुस्त कर. खाली आईची सही घे. अठरा देतो.”

परतीच्या बसमध्ये जयमालानं एक लाख बारा हजारांचे साठ लाख केले आणि वही आईपुढं धरली. साक्षरता वर्गात आई वाचायला शिकली होती आणि महिनाभर गिरवून सही करायलाही. तिनं पेन घेतलं, आकडा वाचला, पेन परत दिलं.

“माझ्या झाडांनी येवढं दिलं न्हाई, बाई. त्यांच्यावर आळ नको घेऊ.”

“आई, वर्ष जाईल माझं.”

“मग तुझं तू बघ. माझं नाव न्हाई.”

आई एसटीनं गावी गेली. जयमाला स्टँडच्या बाकावर बसली. आईचा ‘भा’ फळांनी वाकलेल्या फांदीसारखा जरा ओणवा असतो. तिनं दोनदा रद्दीवर गिरवला, तिसऱ्यांदा वहीवर. हुबेहूब. अठरा मिळाले.

छी म्हणालात? बरोबरच आहे. आता गेल्या मार्चमध्ये कर वाचवायला ऑफिसात दिलेल्या घरभाड्याच्या बारा पावत्या काढा. आईला भाडं दिल्याच्या, ज्या घरात तुम्ही फुकट राहता त्या घरच्या. सही छान जमलीय. फक्त हल्ली आईचा हात थरथरतो, तेवढं तुमच्या लक्षात आलेलं नाही.